न तुटलेली दोरी

मी एक जुनी दोरी आहे. दोन हात लांब, करंगळीहून बारीक आणि अजूनही चकचकीत. माझे जन्मसाल कुणी लिहून ठेवलेले नाही. पण ज्या वर्षी ताईचे यजमान वारले आणि ती पत्र्याची एक पेटी घेऊन धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत राहायला आली, ते माझे साल. भावाच्या मुलीचे पुढचे दोन दात त्याच वर्षी पडले, एवढे आणखी सांगून ठेवते.

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही रेशमाची आहे. सगळेच तसे म्हणतात. मी रेशमाची नाही. रेशीम किडा करतो. मी झाडाची आहे.

झाडाला हाडे नसतात, तरी ते वाऱ्यापावसात ताठ उभे राहते. ज्याच्या जोरावर उभे राहते त्याला सेल्युलोज म्हणतात. ऊन, पाणी आणि हवा घेऊन पान साखर तयार करते, आणि त्या साखरेचे कण एकापुढे एक ओवून झाड स्वतःसाठी धागा करते. मूळ साखरेचे असून हा धागा गोड लागत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि माणसाच्या पोटात पचत नाही. गाय गवत खाऊन दूध देते. तुम्ही गवत खाल तर पोट धरून बसाल.

आमचा गोतावळा फार मोठा. कापसाचे बोंड म्हणजे जवळजवळ नुसते सेल्युलोजच. तुमच्या अंगातला सुती सदरा, वहीचे पान, गुडघा फुटल्यावर आईने लावलेली पट्टी, गोळ्यांच्या पुड्यावरचा चुरचुरणारा पारदर्शक कागद, भांडी घासायचा स्पंज, आजोबांच्या जुन्या चष्म्याची चौकट, ही सगळी माझी सख्खी, चुलत, सावत्र भावंडे. आम्हाला घरातून उणे करा, मग उघडे आणि निरक्षर बसाल, आणि जखमेवर नुसती फुंकर घालाल.

मी मात्र सरळ वाटेने तुमच्याकडे आले नाही. कारखान्यात आले तेव्हा मी लाकडाच्या लगद्याचा एक जाड पांढरा तक्ता होते. आम्हा तक्त्यांना कॉस्टिक सोड्यात भिजवले, दाबून पिळले, कुरतडून चुरा केला. मग तो चुरा एका मोठ्या बंद पिंपात घालून फिरवत ठेवला आणि वरून एक पातळ, गंधकाचे जहाल रसायन सोडले. त्याचे नाव कार्बन डायसल्फाइड. कामगारांची जीभ तिथवर वळत नसे, ते त्याला नुसते ‘औषध’ म्हणत. पिंप उघडले की सडक्या मुळ्यासारखा भपकारा यायचा आणि आत मी संत्र्याच्या सालीच्या किसासारखी नारिंगी झालेली असायची. म्हणून त्या खात्याला सगळे नारिंगी खाते म्हणत. पुढे मला विरघळवून मधासारखे पातळ केले, केसाहून बारीक भोकांतून अ‍ॅसिडमध्ये ढकलले, आणि मी धागा होऊन बाहेर आले. झाडाचे सेल्युलोज फिरून सेल्युलोजच झाले. नवी आली ती फक्त चकाकी. आणि एक खोड जडली. कापसाचे सूत भिजले की उलट घट्ट होते. मी भिजले की माझे निम्मे बळ जाते.

ताईचा भाऊ त्या नारिंगी खात्यात होता. पिंपाचे झाकण उचलायला दोन माणसे लागत, तो एकटा उचलायचा. म्हणून सगळा कारखाना त्याला पैलवान म्हणे. पिंप थांबले की त्याने झाकण काढायचे, कमरेपर्यंत आत वाकायचे आणि लाकडी उलथन्याने बुडाशी चिकटलेला नारिंगी चुरा खरवडून काढायचा. लोखंडाचे हत्यार तिथे चालत नसे. ठिणगी पडली तर सगळे खाते उडेल, म्हणून बुटाच्या तळाला खिळासुद्धा नको. लोखंडाची एवढी काळजी घेतली जायची. पिंपात वाकलेल्या माणसाच्या नाकाचा विचार मात्र कुणी केला नव्हता. त्याच्यासाठी रोज एक पेला दूध मिळे. दुधाचा आतून लेप बसतो, मग वास बाधत नाही, असे मुकादम सांगे. मित्रांनो, असा लेप बसत नाही.

पैलवानाने शब्द टाकला म्हणून ताईला गुंडाळणी खात्यात काम मिळाले. धागा रिळावर गुंडाळायचा, तुटला तर गाठ मारायची, गुंता झाला तर कापून टोपलीत टाकायचा. ताईच्या हाताची गाठ दिसत नसे. बाकीच्या बायका म्हणायच्या, “ताई, तुम्ही मारलेली गाठ शोधायला भिंग लागतं.” ताई वर न बघता म्हणायची, “शोधता कशाला? काम करा.”

एका संध्याकाळी पैलवान घरी आला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

“दुसरी कुठंय?” बायकोने विचारले.

“पायात आहे की.”

“बघा तरी खाली.”

त्याने खाली पाहिले. मग तोच आधी हसला. मुलगी हसली, ताई हसली, बायकोही हसली. चप्पल मागे कुठे राहिली ते त्याच्या पायाला कळलेच नव्हते.

थोड्याच दिवसांत कळले की हे एकट्या पैलवानाचे नव्हते. नारिंगी खात्यातल्या पुष्कळांच्या चपला वाटेत गळून पडत. बडबड्या नावाचा एक कामगार होता. त्याच्या तोंडाला विसावा म्हणून नसे. तो रस्ताभर पडलेल्या चपला गोळा करायचा, कारखान्याच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर ओळीने मांडायचा आणि ओरडायचा, “या रे बापहो, आपापलं लेकरू ओळखून घेऊन जा! उद्या मला दत्तक देऊ नका!” सगळे हसत आणि लेकरे घेऊन जात. मग कुणाला तरी सुचले आणि लोक टाकाऊ सुताने चप्पल घोट्याला बांधू लागले. बघता बघता नारिंगी खात्याची ती खूणच झाली. चप्पल बांधलेली म्हणजे नारिंगीवाला.

ताईने टोपलीतला गुंता सोडवून दोन दोऱ्या विणल्या. तीन पेडांची घट्ट वीण, टोकांना लहान गाठी. मी आणि माझी जुळी. मी उजव्या पायाची.

“वेणी घातलीस की गं, ताई,” पैलवान म्हणाला.

“पायाला घातलीय, डोक्याला नाही. पाय पुढे कर.”

मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. बाकीच्यांचे धागे चार दिवसांत झिजून तुटायचे. मी तुटले नाही. बडबड्याने मला बोटाने ओढून पाहिले आणि म्हणाला, “ताई, मलापण एक अशी करून द्या. माझी बायको मला बांधून ठेवते, पण चप्पल बांधायला तिला वेळ नाही.” ताईने त्यालाही करून दिली. तेच सूत, तीच वीण.

पुढच्या वर्षी लंबूचे प्रकरण झाले. लंबू पैलवानाच्या शेजारच्या पिंपावर होता. जिन्यावरून पडला. त्याला कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याला खोलीतल्या खोलीत चालायला सांगितले, तर तो भिंतीवर जाऊन आदळला. डॉक्टरांनी लिहिले, दारू पितो. लंबूने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढले. त्याची बायको फाटकापाशी उभी राहून ओरडत होती, “अहो, वास घेऊन बघा त्यांच्या तोंडाचा! कुणीतरी वास घ्या!” कुणी जवळ गेले नाही. ताई गुंडाळणी खात्याच्या खिडकीतून ते बघत होती. हातातले रीळ तिने तसेच धरून ठेवले होते, धागा संपून गेला तरी.

त्या दिवशी तिने मनाशी गाठ बांधली. चालता आले नाही तर काम गेले. काम गेले तर घर गेले. इतके साधे होते ते.

इकडे पैलवानाचे पाय दिवसेंदिवस बधिर होत गेले. जमीन तळव्याला लागते की नाही ते त्याला कळेना. पाय कुठे पडतो ते डोळ्यांनी पाहावे लागे, म्हणून तो मान खाली घालून चाले. सदऱ्याच्या गुंड्या लावताना बोटे थरथरत. ज्याने मुलीवर कधी आवाज चढवला नव्हता, तो आमटी आळणी झाली म्हणून ताट भिंतीवर फेकू लागला. फेकल्यावर स्वतःच दचकून बघायचा, जणू दुसऱ्याच कुणी फेकले. एकदा बायको ताईला म्हणाली, “वन्सं, मी लग्न केलं तो हा माणूस नव्हे.” ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग एके दिवशी खात्यात बातमी आली. मुकादम पिंपांच्या मधोमध उभा राहिला.

“येत्या सोमवारी तपासणी आहे. बाहेरून डॉक्टरीणबाई येणार आहेत. खडूची रेघ मारून त्यावरून चालायला लावणार. सरळ चाला. कुणी अडखळला तर मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

“आणि नाचून दाखवलं तर?” बडबड्याने विचारले.

“तू तोंड बंद ठेवलंस तरी पुरे.”

डॉक्टरीणबाई कशासाठी येणार आहेत ते मुकादमाने सांगितले नाही. त्याला ठाऊक असावे. लोकांनी त्याच्या बोलण्याचा जो अर्थ लावला तो लंबूवरून लावला. ताईनेही तोच लावला.

घरात त्या संध्याकाळी पहिल्यांदा नणंद-भावजयीत शब्दाला शब्द लागला.

“सोमवारपर्यंत याला चालायला शिकवते,” ताई म्हणाली.

“वन्सं, राहू द्या ना. जसे आहेत तसे जाऊ द्या. डॉक्टर आहेत, बघू देत काय झालंय ते.”

“लंबूला पाहिलं ना डॉक्टरांनी? काय झालं?”

“ते कारखान्याचे डॉक्टर होते. या बाहेरच्या आहेत.”

“अगं, बोलावलं कुणी? कारखान्यानंच ना? डॉक्टर कुठल्याही असू देत, कागद जाणार मुकादमाकडेच.”

“निदान त्यांना कळेल तरी.”

“कळून काय करायचंय? कळल्यावर काय खायचंय आपण?”

पैलवान दोघींच्या मध्ये बसून आपले पाय बघत होता, जणू दुसऱ्या कुणाचे तरी आपल्याकडे सांभाळायला ठेवलेत. मग म्हणाला, “ताई म्हणते तसं करू.” तो लहानपणापासून तसेच म्हणत आला होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवले होते.

तीन संध्याकाळी ताईने त्याला चालवले. खोलीतली फरशी चौकोनी होती. तिच्या एका सांध्यावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत, अकरा फरश्या.

“मान वर.”

“मान वर केली तर पाय दिसत नाही गं.”

“नाही दिसला तरी तिथंच असतो तो. मोज. एक फरशी, एक पाऊल. समोरच्या खुंटीकडे बघ.”

मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारले, “आत्या, बाबांना चालायला कशाला शिकवतेस? त्यांना येतं की.”

“परीक्षा आहे त्यांची,” ताई म्हणाली.

पहिल्या दिवशी तो चौथ्या फरशीवर कलला. दुसऱ्या दिवशी नवव्या. तिसऱ्या दिवशी अकराही फरश्या मान वर करून चालला, वळला आणि परत आला. ताईने टाळी वाजवली. मुलीने वाजवली. तोही हसला, आणि क्षणभर झाकण उचलणारा जुना पैलवान दिसला. बायको चुलीपाशी पाठमोरी होती. ती वळली नाही.

सोमवारी सकाळी ताईने त्याला पाय धुऊ दिले नाहीत. “आल्यावर धू,” म्हणाली. मला तिने दोन वेढे देऊन घोट्याला बांधले, गाठ आतल्या बाजूला घेतली आणि वर पायजमा ओढला. दोरी दिसत नव्हती. चप्पल पायाला अशी बसली होती की जणू पायाबरोबरच वाढली.

तपासणी कामगारांच्या जेवणाच्या दालनात होती. बाके भिंतीला लावली होती आणि मधल्या जमिनीवर खडूची लांब पांढरी रेघ होती. खात्यातले शंभराच्या वर लोक एका दिवसात तपासायचे होते, म्हणून आधी सगळ्यांना रेघेवरून चालवायचे आणि ज्याच्यात काही खोट दिसेल त्याला बाजूच्या बाकावर बसवून नीट बघायचे, असे ठरले होते. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या. हातात रबरी हातोडी होती. सकाळपासून उभ्या राहून त्यांचे पाय दुखत असावेत, त्या एकदा या पायावर तर एकदा त्या पायावर भार देत होत्या. मुकादम त्यांच्या शेजारी, यादी घेऊन.

पैलवानाचे नाव आले. त्याने मान वर केली. समोर खुंटी नव्हती, पण भिंतीवर एक घड्याळ होते. त्याकडे बघत तो ओठांत मोजत चालला. मी घोट्याला घट्ट आवळलेली होते. त्याचा पाय चपलेत गारगोटीसारखा निर्जीव होता, ते मला कळत होते. जगात त्या घटकेला ते फक्त मला आणि माझ्या जुळीला कळत होते. सातव्या पावलाला चप्पल सरकू पाहत होती. मी धरून ठेवली.

“छान,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढे.”

त्याच्या नावापुढे कागदावर एक शब्द लिहिला गेला, तंदुरुस्त. मित्रांनो, तो कागदसुद्धा लाकडाच्या लगद्याचा, माझा भाऊच. दोघांनी मिळून त्या दिवशी खोटी साक्ष दिली.

त्याच्या मागून सहाव्या नंबरला बडबड्या होता. डॉक्टरीणबाईंना चिखलाचे पाय दिसू नयेत म्हणून त्याने फाटकाजवळच्या नळावर चपलेसकट पाय धुतले होते. ताईने विणलेली दोरी चिंब भिजली होती. तिसऱ्या पावलाला ती तुटली. चप्पल रेघेवर राहिली आणि बडबड्या पुढे चालत गेला, एक पाय उघडा, हसत, मान ताठ.

एरवी दालन हसले असते. कुणी हसले नाही.

“अहो, तुमची चप्पल राहिली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“माझी? नाही बाई. आहे की पायात.”

डॉक्टरीणबाईंनी हातातली हातोडी खाली केली. मग त्यांनी स्वतः वाकून चप्पल उचलली आणि त्याला दाखवली. बडबड्याच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द फुटला नाही. त्याला बाकावर बसवले. त्यांनी त्याच्या तळव्याला सुई लावली आणि विचारले, “कळलं का?” तो म्हणाला, “लावली की सांगा.” ती तर लावून झाली होती. मग तो रडायला लागला. “बाई, मला काढू नका. मी दारू पीत नाही. वास घेऊन बघा.” डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या.

पैलवान दालनाबाहेर आला. ताई दाराशी उभी होती, सुट्टी मागून आलेली. तिने विचारले नाही, त्याच्या तोंडावरूनच ओळखले. “झालं!” म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. बडबड्याचे रडणे तिला दारातून ऐकू आले होते. तिला वाटले, त्याचे काम गेले आणि आपल्या भावाचे राहिले. तिला वाईटही वाटले, पण सुटल्यासारखे जास्त वाटले.

आठ दिवसांनी यादी लागली. तीत अकरा नावे होती. त्या अकरा जणांना नारिंगी खात्यातून काढून अंगणातल्या उघड्या हवेत, तक्ते उतरवायच्या कामावर घ्यायचे होते, आणि त्यांना पुन्हा कधीही पिंपापाशी पाठवायचे नाही असा वरून सक्त हुकूम होता. डॉक्टरीणबाई त्यासाठीच आल्या होत्या. आजारी माणसे शोधून काढायला.

ताईला ते बडबड्याकडून कळले. जेवणाच्या सुट्टीत तो तिला शोधत आला.

“ताई! तुमची दोरी तुटली म्हणून वाचलो बघा. उन्हात बसतो आता, वास नाही, काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर सापडलात, हळूहळू पाय परत येतील.” मग त्याने विचारले, “पण पैलवानाचं नाव यादीत कसं नाही? त्याचे पाय तर माझ्याहून गेलेत.”

ताई उभी होती ती खाली बसली.

“ताई? काय झालं? पाणी आणू का?”

“नको,” ती म्हणाली. “तू उन्हात जा.”

ती तशीच उठून मुकादमाकडे गेली.

“माझ्या भावाला पुन्हा तपासा.”

“कशासाठी? सरळ चालला तो. माझ्या डोळ्यांदेखत.”

“तो तसा चालत नाही. मी त्याला शिकवलं होतं. तीन दिवस.”

“मग चांगलं शिकवलंस,” मुकादम म्हणाला आणि कागद उलटा करून ठेवला. “बाई, तंदुरुस्त म्हणून सही आहे त्यावर. आता डॉक्टरीणबाई गेल्या. पुढची तपासणी होईल तेव्हा होईल.”

कारखान्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितले. ताईने पोस्टातल्या एका कारकुनाला धरून अर्ज लिहून घेतला, मग दुसरा, मग तिसरा. अंगठ्याचे ठसे तिचेच. एकाचेही उत्तर आले नाही.

घरी तिने भावजयीला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने देठ मोडायचे थांबवले. “मी म्हटलं होतं, वन्सं,” एवढेच म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. त्यानंतर तिने ते वाक्य कधी उच्चारले नाही. ओरडली असती, भांडली असती, तर ताईला एक वेळ सोसले असते.

पैलवानाला ताईने सांगितले तेव्हा तो फरशीचा सांधा बघत होता. मग म्हणाला, “पण मी अकराही फरश्या चाललो होतो ना?”

“चाललास.”

“मग झालं.”

तो आणखी दीड वर्ष पिंपात वाकला. शेवटी एका दुपारी तो पिंपात वाकला आणि त्याला वर येता येईना. हातातले उलथने आत पडले होते आणि ते पडल्याचे त्याला कळले नव्हते. चौघांनी त्याला ओढून काढले. त्याच आठवड्यात कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहिले, चालण्यास असमर्थ, आणि त्याला कामावरून काढले. पुढची तपासणी तोवर आलेली नव्हती.

मग तो खाटेवर होता. मुलगी शाळेतून आली की त्याच्या तळव्याला बोट लावून विचारायची, “बाबा, ओळखा कुठलं बोट?” तो दर वेळी काहीतरी सांगायचा. बरोबर आले तर ती खूश व्हायची. ते बरोबर कसे यायचे ते मला ठाऊक आहे. तो तिच्या खांद्याकडे बघून अंदाज करायचा. पुढे पुढे त्याला मुलगी कोण तेही आठवेनासे झाले, आणि ताईला तो आई म्हणू लागला. ती ओ द्यायची.

माझी जुळी कधीच झिजून गेली. मी आता त्या तीन अर्जांच्या प्रतींना बांधलेली आहे. ताई मला सोडत नाही आणि टाकतही नाही. कधी कधी अंगठ्याने माझी वीण चाचपून बघते. वीण अजून घट्ट आहे. मला माझ्या घट्टपणाचे कौतुक राहिलेले नाही. त्या सोमवारी कुणी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतले असते, तर.

मित्रांनो, या वळणावर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपलेच फार. चकचकीत कापड घालू नका असेही मी सांगणार नाही, झाडाचा त्यात काही दोष नाही आणि धाग्याचाही नाही. पण कापड हातात धराल तेव्हा ते कुणाच्या हातून गेले ते विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. आणि तुमच्या घरातला कुणी लंगडत असेल, थरथरत असेल, तर लोकांपुढे त्याला सरळ करून नेऊ नका. लाज वाटू देऊ नका, भीतीही वाटू देऊ नका. जसा असेल तसा चालू द्या, दिसू द्या. जे झाकले त्याला औषध मिळत नाही. ताईचे भावावर प्रेम कमी नव्हते. मी सांगते, त्या खात्यात एवढ्या मायेने कुणाची चप्पल कुणी बांधली नव्हती.

कारखाना चालू आहे. ताई अजून गुंडाळणी खात्यात जाते. पैलवान तपासणीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, एका गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास वारला. तो तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता.